नायजेल गॉडरिच यांस अनावृत आभारपत्र

मा. श्री. नायजेल गॉडरिच यांस,

सादर नमस्कार.

रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांची बहुतेक पत्रे थॉम यॉर्क यांच्या आवाजाला किंवा जॉनी ग्रीनवुड यांच्या गिटारला उद्देशून लिहिली जात असतील, आणि ते स्वाभाविकच आहे. मी मात्र हे पत्र अल्बमच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापल्या जाणाऱ्या निर्मात्याच्या नावाला लिहीत आहे. हा बँड अल्बमगणिक दिशा बदलत राहिला, तरी गिटारच्या गजरावर पोसलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याला तो कधी परका झाला नाही. याचे मोठे श्रेय मी आपल्याला देतो, आणि ते का, हे माझ्या आवडत्या अल्बमांच्या आधारानेच सांगणे बरे.

'द बेंड्स' (1995) या अल्बमचे निर्माते जॉन लेकी होते आणि आपण ध्वनिमुद्रण अभियंता होता. पण लेकी उपस्थित नसताना 'ब्लॅक स्टार' हे गाणे आपल्या देखरेखीखाली झाले. पुढे 'ओके कॉम्प्युटर'साठी (1997) बँडने आपल्याला सोबत घेतले आणि इंग्लंडमधील बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या हवेलीत आपण सर्वांनी मुक्काम ठोकला. 'एक्झिट म्युझिक'चा आवाज तिथल्या दगडी जिन्यात ध्वनिमुद्रित झाला, तर 'लेट डाउन' पहाटे तीनच्या सुमारास नृत्याच्या दालनात. हे तपशील मला फार नंतर कळले. परंतु ते ठाऊक नसतानाही त्या गाण्यांत एखाद्या मोठ्या वास्तूचा घुमारा जाणवत होता आणि गाणारा माणूस त्यात किती एकटा आहे, हे ऐकू येत होते. घुमारा यंत्राने निर्माण करता येतो, हे खरे. जिन्यात उभे राहून गायलेल्या गाण्याचा श्वास मात्र निराळाच लागतो.

'किड ए' (2000) हा माझा सर्वांत लाडका अल्बम आहे, आणि आपले सर्वाधिक ऋणही तिथेच आहे. गिटारांच्या बळावर जगभर नाव कमावलेल्या बँडने पहिल्याच गाण्यात गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझरवर आरंभ करावा, गायकाच्या आवाजाचे तुकडे करून ते त्याच्याच अवतीभवती फिरवावेत आणि अल्बममधील एकही गाणे सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्रपणे, प्रसिद्ध करू नये, हे धाडस श्रोत्याला सहज दूर लोटू शकले असते. 'इडियोटेक'मध्ये पॉल लान्स्की यांच्या 1973 सालच्या संगणकीय रचनेचा एक तुकडा आहे. 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये ओंद मार्तनो या जुन्या विद्युतवाद्याच्या आणि वाद्यवृंदातील तारवाद्यांच्या स्वरलहरी आहेत. इतक्या विजोड गोष्टी एकत्र आणूनही अल्बम विस्कळीत वाटत नाही, कारण प्रत्येक ध्वनीला आपण स्वतंत्र जागा दिली आणि कितीही मोडतोड केली, तरी मानवी आवाज मधोमध राहू दिला. त्या आवाजाचा हात धरूनच मी इलेक्ट्रॉनिक संगीताकडे गेलो, आणि तिथे रमलो.

'इन रेनबोज'च्या (2007) वेळी बँडने आरंभी दुसऱ्या निर्मात्यासोबत प्रयत्न करून पाहिला आणि मग आपल्याला पुन्हा बोलावले. ग्राहकाने वाटेल ती किंमत द्यावी, या विक्रीपद्धतीमुळे त्या अल्बमचा इतका गाजावाजा झाला की त्यातील संगीताची चर्चा काहीशी मागेच पडली. माझ्या मते बँडचे हे सर्वांत उबदार ध्वनिमुद्रण आहे. 'न्यूड' हे गाणे 'ओके कॉम्प्युटर'च्या काळापासून अपुरे पडून होते. येथे बेस गिटारच्या संथ चालीवर ते असे स्थिरावले आहे की त्याला दुसरे रूप असू शकेल, असे वाटतच नाही. 'ट्रू लव्ह वेट्स'चेही तसेच. 1995 मध्ये मैफलीत गायले गेलेले हे गाणे स्टुडिओतील अल्बमवर थेट 2016 मध्ये, 'अ मून शेप्ड पूल'च्या शेवटी आले, आणि तेही गिटारऐवजी पियानोवर. जमले नाही ते बाजूला ठेवून योग्य वेळेची वाट पाहण्याचा जो धीर आपण सर्वांनी दाखवला, त्याबद्दल मी विशेष कृतज्ञ आहे.

आभारपत्रात तक्रार शोभत नाही, तरीही एक करतोच. 'हेल टू द थीफ'मध्ये (2003) 14 गाणी आहेत आणि त्यांपैकी तीन-चार वगळली असती, तर तो अल्बम वर उल्लेखिलेल्यांच्या पंगतीत बसला असता. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा बराचसा भाग अवघ्या दोन आठवड्यांत मुद्रित झाला. त्या घाईमुळे आलेला ताजेपणा मला आवडतो, परंतु निवड करतानाची घाई खटकते. अर्थात त्याच अल्बममधील 'देअर देअर'मध्ये ड्रम ज्या प्रकारे वाजतात, ते ऐकल्यावर ही तक्रार मी दर वेळी आनंदाने मागे घेतो.

आपला नम्र,
एक श्रोता