लोक चित्रफीत पाहणारच. तपासाने त्यांच्याशी बोलावे

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे 171 क्रमांकाचे विमान मेघाणीनगरमधील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले आणि विमानातील 241 व जमिनीवरील 19 अशी 260 माणसे गेली. त्या दिवशी मी काय केले ते आधी सांगतो, कारण हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे.

मी शाळेत अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. एका मुलाने गच्चीवरून मोबाइलवर टिपलेली ती क्लिप संध्याकाळी माझ्याकडे आली, तेव्हा भाच्याने ती संगणकावर घेतली आणि आम्ही एकेक फ्रेम थांबवून पाहू लागलो. विमानाचे नाक वर आहे, चाके खालीच आहेत, आणि तरीही ते अलगद खाली उतरत घरांच्या आड जाते. पंखाची मागची कड मला अगदी सरळ दिसली. त्यावरून फ्लॅप, म्हणजे उड्डाणावेळी पंखाच्या मागच्या कडेतून बाहेर येणारे पट्टे, उघडलेच नव्हते, वैमानिक विसरले, असा निष्कर्ष काढून, चित्रावर लाल बाण काढून, मी तो आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटावर टाकला. रात्री तेच चित्र दुसऱ्या तीन गटांतून माझ्याकडे परत आले. त्याखाली आता ‘तज्ज्ञांचे मत’ असे लिहिलेले होते.

12 जुलैला विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा उड्डाणाला योग्य अशा 5 अंशांच्या खाचेत पक्का बसलेला सापडला होता. तेवढ्या कोनात या विमानाचे फ्लॅप मुळात थोडेसेच बाहेर येतात. दुरून काढलेल्या आणि हातोहाती फिरताना दरवेळी आक्रसत गेलेल्या चित्रफितीत ती बारीक कड शिल्लक राहत नाही. चित्रात जे उरलेलेच नव्हते, त्याच्या आधारावर मी दोन मृत माणसांवर आरोप केला होता. त्याच दिवशी मी दुरुस्ती लिहून त्याच गटावर टाकली. ती मात्र मला कुठूनही परत आली नाही.

तरीही हौशी लोकांनी चित्रफिती तपासूच नयेत असे मी म्हणणार नाही, कारण त्याच क्लिपमधून काहींनी खरी गोष्ट शोधली होती. त्यांनी चित्राइतकेच आवाजाकडे लक्ष दिले. मोठ्या जेट विमानाची गर्जना ऐकू येण्याऐवजी लहान पंख्याच्या विमानासारखी घरघर येत होती, आणि त्यावरून आणीबाणीत विमानाच्या पोटाखालून बाहेर येणारी, वाऱ्यावर फिरून वीज व हायड्रॉलिक दाब पुरवणारी रॅम एअर टर्बाइन चालू असावी, म्हणजेच दोन्ही इंजिनांची शक्ती गेली असावी, असे त्यांनी काही दिवसांतच मांडले. विमानतळावरील सीसीटीव्हीत ती टर्बाइन उड्डाणानंतर लगेचच बाहेर आलेली दिसते, हे अहवालाने नोंदवले. त्यांचे बरोबर आले आणि माझे चुकले, यात हुशारीपेक्षा पद्धतीचा फरक होता. त्यांनी आवाज दुसऱ्या विमानांच्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिला होता, आणि टर्बाइन का उघडली हे माहीत नसल्याचे त्यांच्यापैकी अनेकांनी स्पष्ट सांगितले होते.

त्यांच्या शेजारीच तिसरा प्रवाह वाहत होता आणि तो सर्वांत वेगाने वाहिला. विमानाची देखभाल तुर्कस्तानच्या कंपनीने केली, म्हणून हा घातपात, असे सांगितले गेले. ते तुर्कस्तान सरकारला जाहीरपणे नाकारावे लागले. 11ए या आसनावरून वाचलेला एकमेव प्रवासी विमानात नव्हताच, असेही पसरवले गेले. त्या माणसाचा सख्खा भाऊ त्याच विमानात गेला होता. खरा अहवाल यायच्या आधी एक बनावट ‘प्राथमिक अहवाल’ही फिरला आणि जाणकारांनाही तो काही काळ खरा वाटला.

महोदय, या अफवांना मोकळे रान मिळाले, कारण त्या तीस दिवसांत अधिकृत बाजूने बोलणे फार थोडे झाले. तपास गुप्त असावा लागतो हे मला मान्य आहे, पण फ्लॅपच्या दांड्याची जागा ही गुप्त ठेवण्यासारखी बाब होती का? पक्ष्यांची मोठी हालचाल विमानाच्या मार्गात दिसली नाही, हेही पहिल्या आठवड्यात सांगता आले असते. कारण काय हे न सांगता, काय घडले नाही एवढे जरी सांगितले असते, तरी माझ्यासारख्यांची अर्धी चित्रे मागे घेतली गेली असती. जूनच्या अखेरीस आपण पुण्यात, घातपातासह सर्व शक्यता तपासल्या जात आहेत, असे म्हणालात. प्रामाणिक तपासाचे ते योग्य वर्णन होते. परंतु त्यातला ‘घातपात’ हा एकच शब्द उचलून त्याच्या चित्रफिती बनल्या.

याहून गंभीर बाब अहवालातील दोन वाक्यांची आहे. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले, दहा-चौदा सेकंदांनी ते पुन्हा ‘रन’वर आले, आणि दुपारी 1 वाजून 39 मिनिटे 11 सेकंदांनी विमानातील नोंदयंत्राची नोंद थांबली, इतके काटेकोर तपशील अहवाल देतो. कॉकपिटमधील संभाषण मात्र त्याने आपल्या शब्दांत दिले: एका वैमानिकाने दुसऱ्याला, इंधन का बंद केलेस, असे विचारले आणि दुसऱ्याने आपण केले नसल्याचे सांगितले. कोण बोलले ते नाही, मूळ शब्द नाहीत, पुढचे-मागचे काही नाही. वैमानिकांचे आवाज जपायला हवेत, पण अर्धे वाक्य त्यांना जपत नाही. त्या अर्ध्या वाक्यावर जगभर दोन मृतांचे खटले चालवले गेले, आणि कॅप्टनच्या वयोवृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना, मुलावर कोणी दोष ठेवू शकत नाही, हे ओझे बाळगू नका, असे सांगितले. विमानातील बारा कर्मचाऱ्यांपैकी बरेच जण आपल्याकडचे होते. न्हावा, डोंबिवली, बदलापूर, गोरेगाव इथल्या घरांत या क्लिप रोज पोचतात.

म्हणून माझी विनंती अशी आहे की मोठ्या अपघातानंतर तपास विभागाने दर आठवड्याला एक छोटे टिपण काढावे आणि त्यात निश्चित झालेले व निश्चितपणे नाकारता येणारे तेवढेच असावे. त्याबरोबर, ज्यांनी प्रसंग टिपला आहे त्यांच्याकडून मूळ फाइल, गटांवर फिरून आक्रसलेली नव्हे, मागवण्याची एक उघड व सोपी जागा असावी. गच्चीवरच्या त्या मुलाला पोलिसांनी जबाबासाठी बोलावताच त्याला अटक झाल्याची अफवा उठली आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. चित्रण देणारा माणूस साक्षीदार व साहाय्यक आहे, हे आपल्या मंत्रालयाने स्वतःहून सांगितले, तर पुढच्या वेळी लोक आपणहून पुढे येतील.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारा महिन्यांत अंतिम अहवाल, आणि तो तयार नसेल तर वर्षपूर्तीला अंतरिम निवेदन अपेक्षित आहे. 12 जून 2026 रोजी यांपैकी जे काही येईल ते त्याच दिवशी मराठीत आणि गुजरातीतही यावे, आणि कॉकपिटमधील जे शब्द कारणाशी संबंधित आहेत ते त्यात जसेच्या तसे असावेत.

आपला,
पुण्यातील एक निवृत्त शिक्षक
डिसेंबर 2025