कोरियन काढा पिताय, पण आत काय आहे ते विचारलंत का?

संपादक महोदय,

आमच्या फोंडा भागात सध्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वजन उतरवायच्या कोरियन काढ्याची पाकिटं जोरात खपताहेत, सोबत डाएटचा एक कागद आणि वर 'हर्बल आहे गो, साइड इफेक्ट काय नाय' हे ठरलेलं वाक्य. चवथीआधी बारीक व्हायचं म्हणून पोरीसुद्धा मागवतात. म्हणून हे पत्र.

कोरियन वैद्यकाबद्दल मला आदरच आहे. तिथे वैद्य व्हायला ६ वर्षं युनिव्हर्सिटीत शिकावं लागतं, लायसन्स लागतं. १९व्या शतकात ली जे-मा यांनी माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या, आपल्याकडे वात-पित्त-कफ बघतात तसंच, आणि त्यावरून तिथला वैद्य नाडी बघून, झोप-भूक-पोट सगळं विचारून त्या एकाच माणसासाठी काढा ठरवतो. मग अख्ख्या ग्रुपला एकच पाकीट, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तिकडच्या वजनाच्या काढ्यात बऱ्याचदा माह्वांग म्हणजे एफेड्रा नावाचं झुडूप असतं, त्यातल्या एफेड्रिनने भूक मरते हे खरं, पण छातीचे ठोके वाढतात, बीपी चढतं, झोप उडते. अमेरिकेने एफेड्राच्या सप्लिमेंटवर २००४ मध्ये बंदी घातली आणि खुद्द कोरियात ते खाण्याच्या वस्तूत घालायला परवानगी नाही, ते औषध म्हणूनच वापरतात. शिवाय हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं जगभर सापडलंय, ज्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे.

माझ्या जावेला थायरॉइडची गोळी चालू आहे. तिने उपाशीपोटी हे काळं कडू पाणी घ्यायला सुरुवात केली आणि काही दिवसांतच रात्र रात्र डोळा लागेना, सकाळी चहाचा कप धरला की बशीवर कडकड वाजायचा एवढा हात थरथरायचा. पाकिटावर एका झाडाचं चित्र, बाकी सगळं कोरियन, घटक कुठले ते विकणारीलाही सांगता येईना. आणि डाएटच्या कागदात पेज बंद, शीत म्हणजे भात बंद, रात्री नुसती उकडलेली भाजी! एवढं कमी खाल्ल्यावर वजन उतरणारच, त्याचं श्रेय काढ्याला कशाला? पुन्हा नुस्तं-शीत (मासे-भात) चालू झालं तसं वजनही परत आलं.

आपल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) या पाकिटांची सॅम्पल घेऊन तपासणी करावी, घटक आणि आयात करणाऱ्याचं नाव नसेल तर विक्री थांबवावी. ज्यांना बीपी, हार्ट, थायरॉइडचा त्रास आहे किंवा जे डिप्रेशनच्या गोळ्या घेतात त्यांनी आणि गरोदर बायकांनी तर हे पाकीट आपल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय फोडूच नये, आणि चालू असेल तर डॉक्टरपासून लपवू नका, ब्लड रिपोर्टसोबत पाकीटही घेऊन जा.

— एक वाचक, फोंडा