कॉम्प्युटर तोच राहील, बाबा

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या मंद चालणाऱ्या कॉम्प्युटरचा विषय काढला की बाबा, तुम्ही "होतो गं चालू, आम्हाला कुठे घाई आहे" म्हणून तो संपवता, आणि आई लगेच माझ्या झोपेची चौकशी सुरू करते. म्हणून लिहिते आहे. कागद कीबोर्डशेजारी ठेवता येतो, पुन्हा बघता येतो.

आधी निर्णय सांगते, कारण तो घेऊन झाला आहे. नवा कॉम्प्युटर आणायचा नाही. आहे तोच ठेवायचा. त्यातली हार्ड डिस्क काढून जागी एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी वेगवान डिस्क, बसवायची, ४ जीबी रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या जागेच्या, जोडीला ८ जीबीची आणखी एक पट्टी घालायची, आणि मग त्यावर विंडोज ११ टाकायचं. सामान माझ्याकडे येऊन पडलं आहे. पुढच्या वेळी येईन तेव्हा मीच बसवून देईन. दादाच्या मनात नवा लॅपटॉप होता. त्याच्याशी सविस्तर बोलले, त्याला पटलं आहे. आता तुम्ही त्याला "तुला काय वाटतं" असं परत विचारू नका.

तुम्हाला विचारलं असतं तर "कशाला खर्च करतेस" हेच ऐकावं लागलं असतं. पण आईने परवा सांगितलं की मशीन अडकलं म्हणून बाबा टेबलाखाली वाकून मागचा स्विच बंद करत होते आणि वर येताना घेरी आली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. इथे बसून मी तुमच्या मानेचं काही करू शकत नाही. निदान तुम्हाला तिथे वाकावंच लागू नये, एवढं तरी माझ्या हातात आहे.

आणि बाबा, तो दुरुस्तीवाला "याच्यात आता काही राहिलं नाही, टाकून द्या" म्हणाला ते मनातून काढून टाका. त्या दिवशी तुम्ही मला स्क्रीन दाखवलीत ना, तेव्हा मी टास्क मॅनेजर, म्हणजे आत कोण किती काम करतंय ते दाखवणारी खिडकी, उघडायला सांगितला होता. त्यात डिस्कसमोर १०० टक्के लिहिलेलं होतं आणि प्रोसेसर जेमतेम दहा-बारा टक्क्यांवर होता. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतो आहे. प्रोसेसर थकला असता तर मीही नवीनच घ्या म्हटलं असतं.

डिस्कचं असं आहे की तिच्या आत खरोखरची तबकडी फिरते, तुमच्या त्या रेकॉर्ड प्लेअरसारखी, आणि वाचणारी दांडी तिच्यावर मागे-पुढे सरकते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे वेग पुष्कळ वाटतो. पण दांडी योग्य जागी नेऊन हवी ती माहिती खाली येईपर्यंत थांबायचं, यात दर वेळी काही मिलिसेकंद जातात. त्यामुळे विखुरलेले लहान तुकडे वाचायचे म्हटले की सेकंदाला शंभरेकच वाचून होतात. विंडोज चालू होताना असेच हजारो तुकडे मागतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, ती असे हजारो तुकडे एका सेकंदात देते. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर दोघींतला फरक चार-पाच पटींचा असतो, पण चालू होण्याच्या वेळी तो त्याहून कितीतरी मोठा जाणवतो. म्हणून एकच गोष्ट बदलायची असेल तर मी डिस्क बदलेन.

रॅमचं दुखणंही शेवटी डिस्कवरच येतं. ४ जीबीतला बराच भाग विंडोजलाच लागतो. उरलेल्यात आईचं गाणं, बाबांची वंशावळीची शीट आणि ब्राउझरचे सतरा टॅब मावत नाहीत. मावलं नाही की विंडोज जास्तीचं सामान डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. आधीच दमलेल्या डिस्कवर हा आणखी एक भार. आपल्या मशीनमध्ये रॅमची एक जागा रिकामी आहे, ती भरायची इतकंच.

विंडोज बदलायला तुम्हाला नको वाटणार हे ठाऊक आहे. पण विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि तुम्ही बँकेचं काम त्याच मशीनवर करता. मला रात्री झोप लागायची असेल तर हे करावंच लागेल. आपला प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, तो विंडोज ११ ला चालतो. त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही मशीनमध्ये आहे, फक्त आतल्या सेटिंगमध्ये बंद आहे. ती मी चालू करेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं काहीही जाणार नाही आणि काहीही हलणार नाही. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते, त्याला क्लोन करणं म्हणतात. मशीन चालू कराल तेव्हा ताईच्या लग्नाच्या फोटोंचा फोल्डर डाव्या बाजूला वरच असेल. आईची रेकॉर्डिंगं ज्या क्रमाने तिने लावली आहेत त्याच क्रमाने असतील. मागचं चित्र तेच, अक्षरं तेवढीच मोठी, कीबोर्ड तोच, ज्यावरचं 'ए' पुसलं गेलंय आणि तरी बाबांचं बोट बरोबर तिथेच जातं. विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मधोमध येतं, तेही मी डावीकडे नेऊन देईन, तशी सोय आहे. बाबा, तुम्हाला नवीन काही शिकायला लागावं असं मला मुळीच वाटत नाही. तुम्ही वंशावळ पूर्ण करावी असं वाटतं. अण्णाकाकांच्या पुढची नावं तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाहीत, आणि मशीन उघडायला कंटाळा येतो म्हणून ते काम पडून राहिलंय, हे आईने मला सांगितलं आहे.

जुनी डिस्क मी टाकणार नाही. ती एका लहान पेटीत घालून यूएसबीने जोडता येईल अशी करून कपाटात ठेवू. सगळ्याची आणखी एक प्रत.

मला आठवतंय, मी ते गजराचं घड्याळ उघडलं होतं आणि आई रागावणार म्हणून खाटेखाली लपले होते. तुम्ही मला बाहेर काढलंत आणि वर्तमानपत्र पसरलंत. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडायला लावलेत, प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलीने आकडा लिहून. आई, तू तेव्हा काहीच बोलली नव्हतीस, नुसता दिवा जवळ आणून ठेवला होतास. मी आजही कुठलंही यंत्र तसंच उघडते, कागद पसरून आणि आकडे घालून. तुमचं मशीनही तसंच उघडीन. त्या वेळी बाबा, तुम्ही शेजारी खुर्चीवर बसायचं. नुसतं बसायचं, वाकायचं नाही.

मी येईपर्यंत जे करायचं ते सांगते, आणि हे ऐकायचंच.

पहिलं म्हणजे वंशावळ, फोटो आणि आईची रेकॉर्डिंगं दादाने दिलेल्या पेन ड्राइव्हवर आजच उतरवून ठेवा. डिस्क बदलायची आहे म्हणून नाही, ती जुनी आहे म्हणून. आतून टिकटिक किंवा खरवडल्यासारखा आवाज आला तर पुढे काहीही करू नका, बंद करा आणि मला फोन करा. वेळ बघू नका.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर 'मोअर डिटेल्स' दाबा. वर 'स्टार्टअप' लिहिलेलं आहे तिथे जा. मशीन चालू होताना तुम्ही न बोलावता आपणहून उठणाऱ्या सगळ्या प्रोग्रामची ती यादी आहे. मिटिंगचं ॲप, बाळाने मागच्या सुट्टीत टाकलेला खेळ, आता घरात नसलेल्या प्रिंटरचा मदतनीस, या तिघांवर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. डिसेबल म्हणजे पुसणं नव्हे. हवं तेव्हा तुम्ही स्वतः उघडलंत की ते चालतंच. आवाजाशी संबंधित काही दिसलं किंवा विंडोज सिक्युरिटी असं लिहिलेलं असेल तर हात लावू नका. नाव कळलं नाही तर फोटो काढून मला पाठवा.

बाबा, तुम्ही रोज रात्री शिस्तीने शटडाऊन करता ते उत्तमच आहे. पण विंडोज ८ पासून शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, लवकर चालू व्हावं म्हणून. त्यामुळे आत साचलेला गोंधळही कधी कधी तसाच राहतो. 'रीस्टार्ट' केलं की सगळं मुळापासून सुरू होतं. तेव्हा आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. मोठं अपडेट येऊन गेलं की थोडा वेळ मशीन मागे काम करत असतं, तेव्हा मंद चालतं. त्या वेळी सोडून द्या आणि दोघं फिरून या. मधेच बटण दाबून धरून बंद करू नका, फायली खराब होतात.

काळ्या पडद्यावर येणारं ते 'एफ-वन दाबा' आणि मागे जाणारं घड्याळ, हे दोन्ही आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीमुळे होतंय. तिचा नंबर सीआर २०३२, ती संपली आहे. वीज गेली की मशीन तारीख विसरतं, आणि तारीख चुकली की बँकेचं पान 'सुरक्षित नाही' म्हणून उघडायला नकार देतं. तुम्ही पासवर्ड चुकला समजून पुन्हा पुन्हा टाकत होतात ना? पासवर्ड बरोबरच होता. ती बॅटरीही मी आणते आहे. तोपर्यंत बँक उघडण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघत जा.

आता जे सांगते त्याने वाईट वाटून घेऊ नका. मशीन वेगवान करून देतो म्हणणारा तो प्रोग्राम तुम्ही मशीनच्या काळजीनेच घेतला होता. पण तो मी काढणार आहे. त्याला सापडतात त्या 'शेकडो चुका' बहुतेक निरुपद्रवी नोंदी असतात, त्या पुसून वेग वाढत नाही. उलट तो स्वतःच मागे चालत राहतो आणि जागा खातो. दोन अँटिव्हायरसचीही गरज नाही. विंडोजमध्ये असलेलं डिफेंडर तुमच्या कामाला पुरेसं आहे. आणि पडद्यावर लाल अक्षरात फोन नंबर आला तर तो लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कोणी फोन करून "तुमचं मशीन आम्ही इथून नीट करतो" म्हणालं, तर कितीही गोड बोलला तरी ठेवून द्यायचा. आई, हे तुझ्याकडे. बाबांना समोरच्याला मधेच तोडणं जमत नाही, तुला जमतं.

पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि तापला की मुद्दाम हळू चालतो. ते मी आले की साफ करीन. आई, तू ओल्या फडक्याने पुसू नकोस, मागच्या जाळीतूनसुद्धा नको. डबा भिंतीपासून थोडा पुढे ओढून ठेवा म्हणजे हवा लागेल. तो दादाने ओढायचा, तुम्ही दोघांनी नाही. टेबलाखालच्या स्विचसाठी वरती टेबलावर राहील असा बटणवाला बोर्ड दादा या रविवारी लावून देणार आहे, तसं त्याला सांगून ठेवलं आहे.

बाबा, रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा मला कळवा. "ठीक आहे" असं नको, आकडा. मानेचा पट्टा कपाटात आहे, गळ्यात नाही, हेही मला कळलं आहे.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, मशीनचा पासवर्ड आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल तुमच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. विंडोज ११ टाकताना दोन्ही लागू शकतात. मला फोनवर सांगू नका, मी आले की वही बघेन.