योसारियनच्या जागी विमानात कोण बसले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांविषयीची वाचकांची पत्रे आवर्जून छापली जातात, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र पाठवत आहे. मी इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. या सत्रात आम्हाला जोसेफ हेलर यांची ‘कॅच-२२’ ही १९६१ साली प्रसिद्ध झालेली युद्धकादंबरी नेमलेली आहे. असंगतवाद, काळा विनोद, विस्कटलेला कालक्रम ही शीर्षके आणि त्यांची दोन-दोन उदाहरणे लक्षात ठेवली की परीक्षेपुरते उत्तर तयार होते. पण पुस्तक वाचताना मला पडलेले प्रश्न या शीर्षकांत मावत नाहीत आणि ते वर्गाबाहेरच्या, विशेषतः सैन्यात नोकरी केलेल्या वाचकांपुढे ठेवावेत असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात इटलीजवळच्या पियानोसा बेटावर अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचा एक तळ आहे, अशी कल्पना लेखकाने केली आहे. योसारियन हा तिथला बॉम्बार्डियर, म्हणजे विमानातून नेम धरून बॉम्ब टाकणारा. ठरलेल्या मोहिमा पूर्ण केल्या की वैमानिकांना घरी पाठवायचे असा नियम आहे, मात्र कर्नल कॅथकार्ट वरिष्ठांच्या नजरेत भरावे म्हणून सुरुवातीला पंचवीस असलेला तो आकडा वाढवत वाढवत ८० पर्यंत नेतो. वेड लागलेल्याला उड्डाणातून सूट मिळते, पण ती मागावी लागते, आणि जिवाला धोका आहे हे ओळखून जो सूट मागतो तो शहाणाच ठरतो, म्हणून त्याला उडावेच लागते. हेच ते शीर्षकातले ‘कॅच-२२’, म्हणजे कलम २२. हेलर यांनी स्वतः कॉर्सिका बेटावरून बी-२५ विमानांतून साठ मोहिमा केल्या होत्या. त्यामुळे यातली भीती ऐकीव नाही, हे पानोपानी जाणवते.

माझा पहिला प्रश्न हसण्याविषयीचा आहे. योसारियन पदक घ्यायला जनरलसमोर उघडा-नागडा उभा राहतो, आणि जनरल कपाळाला आठ्या घालून त्याच्या उघड्या अंगावर पदक लावायचे कुठे या विवंचनेत पडतो, तिथे आमचा सगळा वर्ग हसला. त्याच प्रसंगात कारणही सांगितलेले आहे: मागच्या आठवड्यात आव्हीन्यों शहरावरच्या मोहिमेत त्याच्या विमानातला एक सहकारी मेला, त्याचे रक्त योसारियनच्या गणवेशभर सांडले आणि आता पुन्हा गणवेश घालायचाच नाही असे त्याने ठरवले आहे. ते वाक्य आम्ही वाचले आणि तरीही हसत राहिलो. पुढे, कादंबरी संपता संपता, त्या मरणाचा पूर्ण वृत्तांत येतो. स्नोडेन नावाचा तरुण गनर विमानाच्या मागच्या भागात पडला आहे, थंडी वाजतेय एवढेच पुन्हा पुन्हा म्हणतो आहे, आणि योसारियन त्याच्या मांडीची जखम मन लावून, अगदी शिकवल्याप्रमाणे बांधतो आहे. खरी जखम अंगावरच्या संरक्षक जाकिटाखाली आहे हे त्याला फार उशिरा कळते. वेदना कमी करण्यासाठी तो प्रथमोपचाराची पेटी उघडतो तर मॉर्फिनच्या जागी एक चिठ्ठी निघते. जे मायलोच्या कंपनीच्या हिताचे तेच देशाच्या हिताचे, असा तिचा मजकूर आहे.

हा मायलो म्हणजे तळाच्या भोजनगृहाची व्यवस्था पाहणारा अधिकारी. माल्टामध्ये सात सेंटला अंडे घेऊन पाच सेंटला विकायचे आणि तरी नफा कमवायचा, ही त्याची करामत आधीच्या प्रकरणांत आपण मजेने वाचलेली असते. त्याच्या मंडळात प्रत्येकाचा वाटा आहे, असे तो सतत सांगतो. चिठ्ठीपाशी पोहोचल्यावर मला वाटले की तो वाटा वाचकालाही मिळाला आहे, कारण आपण त्याला हसून सोडून दिले होते. स्नोडेनचे मरण तुकड्यातुकड्यांनी सांगण्याचे कारण मला इथे सापडते. कालक्रम विस्कटणे ही लेखकाची केवळ हातोटी असती तर एवढे अस्वस्थ वाटले नसते. हसू आधी आणि त्याचा हिशोब मागाहून, अशी ही रचना जाणीवपूर्वक केलेली आहे, असे माझे मत आहे. जाणकारांना ते पटते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न त्या कलमाविषयीचा. पुस्तकाच्या शेवटाकडे योसारियन रोममधल्या एका ओळखीच्या घरी जातो. तिथल्या मुलींना लष्करी पोलिसांनी रस्त्यावर हाकलून दिलेले असते आणि मागे राहिलेली म्हातारी सांगते की, कलम २२ आहे, म्हणजे ज्या गोष्टीपासून आपण त्यांना रोखू शकत नाही ती करण्याचा त्यांना हक्क आहे. कागद दाखवला का, असे तो विचारतो. कागद दाखवण्याची गरज नाही असेही त्याच कलमात लिहिले आहे, असे उत्तर येते. तेव्हा असे कलम मुळात अस्तित्वातच नाही याबद्दल योसारियनची खात्री पटते, पण सगळे ते आहे असे मानून चालतात, त्यामुळे काही फरक पडत नाही. जो कायदा लिहिलेलाच नाही तो फाडता येत नाही, रद्द करता येत नाही, त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. अख्ख्या कादंबरीत मला सर्वांत भयंकर वाटलेली जागा हीच. वेडाच्या अर्जाचा तिढा सगळ्यांना ठाऊक असतो, परीक्षेतही तोच विचारतात. म्हातारीच्या या बोलण्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही.

तिसरा प्रश्न माझा नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त सुभेदार काकांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतली. शेवटी योसारियन तळ सोडून स्वीडनला जायला निघतो, हे ऐकल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मग त्याच्या जागी विमानात कोण बसलं, पोरी?” मला उत्तर देता आले नाही. हिटलरविरुद्धचे हे युद्ध आहे, शत्रू जिंकला तर तो कोणालाच सुखाने जगू देणार नाही, असे मेजर डॅन्बी योसारियनला बजावतो, आणि योसारियनचे म्हणणे असे की आजवर मी देशासाठी लढलो, आता धोका देशाला नसून मला आहे. सत्तरावर मोहिमा केलेल्या माणसाला भित्रा म्हणायला माझे मन घेत नाही. पण काकांचा प्रश्नही त्यामुळे मिटत नाही.

त्या प्रश्नामुळेच मी इटलीतल्या भारतीय सैन्याविषयी वाचू लागले. भारतीय लष्कराच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन तिथे लढल्या. कादंबरी घडते त्याच देशात, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले जवळजवळ सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटेच धावून गेले, गोळ्या बदलायला सवड मिळाली नाही तेव्हा हातातली बंदूकच उलटी धरून लढले, आणि ठाणे घेतल्यावर तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याच्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. योसारियनला निदान एक आकडा तरी होता, तो पुढे सरकत होता हे खरे, पण होता. पायदळाच्या शिपायाला इतक्या चढाया केल्या की घरी, असा आकडाच नव्हता. शिवाय हे जवान ज्या साम्राज्यासाठी लढत होते त्याने त्यांचा स्वतःचा देश पारतंत्र्यात ठेवलेला होता. घाडगे यांच्या पराक्रमाविषयी मला अतोनात आदर आहे, आणि तो आदर बाळगूनच मी कॅथकार्टविषयीची पाने पुन्हा वाचली. त्यांचे वजन मला कमी झालेले वाटले नाही. पुढे जाणाऱ्याचे धैर्य खरे असते म्हणून त्याला पुढे पाठवणाऱ्याला जाब विचारायचा नाही, असे होत नाही. मात्र वर्गात आम्ही योसारियनच्या बाजूने जितक्या सहज हात वर केले तितक्या सहज ते आता माझ्याकडून होणार नाही.

आपल्या वाचकांत वायुसेनेत, पायदळात, लष्करी रुग्णालयांत सेवा केलेले अनेक जण असतील. हुकूम चुकीचा आहे हे कळत असताना तो पाळण्याची वेळ आली तर त्यांनी काय केले, एखाद्याने नकार दिला तर त्याच्या जागी गेलेल्या माणसाविषयी पुढे तुकडीत काय बोलले गेले, आणि अशा कादंबरीतला विनोद त्यांना आपला वाटतो की बाहेरच्या माणसाने केलेला वाटतो, हे त्यांनी आपल्या सदरातून लिहावे अशी माझी विनंती आहे. साहित्याच्या प्राध्यापकांनीही लिहावे, पण या प्रश्नांची उत्तरे एकट्या साहित्याच्या वर्गात मिळतील असे मला वाटत नाही. पत्रे आली तर ती मी आमच्या वर्गात वाचून दाखवीन.

आपली नियमित वाचक,
एक विद्यार्थिनी, सातारा