‘सुटका’ म्हणण्याआधी तिला विचारलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वेश्याव्यवसायाच्या अड्ड्यावर छापा, पाच महिलांची सुटका’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. सोबत फोटो होता. ओढणीत तोंड खुपसून बसलेल्या बायका आणि मागे ओळीने पोलीस. एकीच्या हातावरचं गोंदण मात्र स्वच्छ दिसत होतं. गावाकडच्या माणसाला ओळख पटायला तेवढं पुरतं.

बुधवार पेठेजवळच्या एका तपासणी केंद्रात मी अकरा वर्षं समुपदेशक होते. अशी ‘सुटका’ झालेली बाई महिन्यांनी परत यायची तेव्हा पहिलं बोलणं असायचं ते खाड्यांचं. ताई, भिशी बुडाली, पोराची फी राहिली, खोलीत दुसरीच येऊन बसली. अल्पवयीन मुलगी असेल किंवा कुणाला फसवून आणलं असेल, तर छापा पडलाच पाहिजे. पण सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही धंद्यातल्या बायकांचीच संघटना 1996 पासून घसा कोरडा करून सांगते आहे की, माणसांची तस्करी वेगळी आणि सज्ञान बाईने स्वतःहून केलेला धंदा वेगळा. बातमीत हा फरक कुठे दिसला नाही.

1956 च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यातही नुसता धंदा करणं हा गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. तरीही सोडवलेल्या बाईला दंडाधिकारी एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतात. आरोपीला निदान जामीन तरी मिळतो! सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना असं ठेवण्याचा आदेश रद्द केला, तो त्या सज्ञान आहेत म्हणूनच. याच कायद्याचं चौथं कलम वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरच्या माणसाला शिक्षा सांगतं. लिहिलंय दलालासाठी, पण शब्द धरून बसलं तर तिची म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारा मुलगाही त्यात सापडतो.

कंडोमचं तर विचारूच नका. आमचे कार्यकर्ते सरकारी पाकिटं वाटायचे आणि पंचनाम्यात तीच मुद्देमाल म्हणून लागायची. एक बाई ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात दडवायची. पोलीस येणार अशी कुणकुण लागली की सगळी संडासात. त्या रात्री मग गिऱ्हाईक तसंच घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सुरक्षित संबंधांवर व्याख्यान द्यायचं.

सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी यावर स्पष्ट निर्देश दिले आहेत. कंडोम पुरावा धरू नये, पोलिसांनी या बायकांशी माणुसकीने वागावं, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना शोधून सोडावं. आणि छाप्याच्या बातमीत त्यांची ओळख उघड होऊ नये. हा शेवटचा निर्देश पोलिसांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

पुढच्या छाप्याची बातमी लावताना आपल्या वार्ताहराने एवढं विचारावं: किती जणी सज्ञान होत्या, त्यांना तिथून जायचं होतं का, आणि आज त्या कुठे आहेत? फोटो मात्र छापू नका. गोंदणाचासुद्धा नको.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, पुणे
(कृपया नाव छापू नये.)