कुरुंदवाडात तंबोरा वाजता ठेवायचाय, हातभार लावा

मंडळी नमस्कार. आम्ही कुरुंदवाडची काही गाण्याच्या नादाला लागलेली माणसं, म्हणजे एक रिटायर्ड मास्तर, एक मेडिकलवाला, दोघं बँकेतले आणि एक ऊसवाला शेतकरी, ज्याची पेटी कारखान्याची तोड आली की दोन महिने कपाटात जाते. गावातल्या पोरांना गाणं आणि तबला शिकवायचा छोटासा क्लास चालवतो आणि दरवर्षी १८ ऑगस्टला बुवांच्या जयंतीचा कार्यक्रम करतो. बुवा म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांचा जन्म १८७२ साली आमच्या कुरुंदवाडात झाला, मूळ आडनाव गाडगीळ, घराणं पलूसचं म्हणून पलुस्कर, आणि वडील दिगंबरपंत कीर्तनकार. हे सांगायला लागतं, कारण शेजारच्या नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला लाखो लोक येतात, पेढे बासुंदी कवठाची बर्फी सगळं घेऊन जातात, पण हाकेच्या अंतरावरच्या कुरुंदवाडात कोण जन्मलं हे त्यातल्या फार कमी जणांना माहीत असतं. त्यांचा दोष नाही, आम्हीच कमी पडलो.

आता १८ ऑगस्ट ही तारीख जरा नीट बघा. पंचगंगा कृष्णेला मिळते ती आमच्या दारात, आणि बुवांचा वाढदिवस येतो नेमका पाण्याच्या दिवसांत. २०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढलं आणि जयंतीच्या दिवशी आम्ही सगळे फावडी घेऊन आपापल्या घरातला चिखल काढत होतो, गाणं कुठलं आणि काय कुठलं. २०२१ ला जुलैच्या शेवटी परत तेच. क्लासची खोली तळमजल्यावर, मागून घेतलेली. पहिल्या पुरात वाटलं टेबलावर ठेवलं की भागेल, तर पाणी टेबलाच्याही वर गेलं. एका तंबोऱ्याचा भोपळा दांडीपासून सुटला, दुसऱ्याची जवारी (तारांखालची घोडी, जिच्यामुळं सूर घुमतो) गेली ती गेलीच, पेटीचा भाता कुजला आणि सुरांना गंज चढला. तबल्याच्या पुड्यांचं, म्हणजे वरच्या चामड्यांचं, तर बोलूच नका, मधली काळी शाई फुगून वर आलेली. पोरं बघायला आली होती, त्यातली एक बारकी पोरगी म्हणाली, सर आता मोबाईलवरचा तंबोरा लावायचा का. तेव्हापासून मोबाईलवरच चाललंय.

मोबाईलचा तंबोरा वाईट नाही हो, सुरात असतो, न्यायला सोपा. पण ज्या गावात बुवा जन्मले तिथं खरा तंबोरा मांडीवर घेऊन जुळवायला पोराला मिळू नये, खुंटी पिळून, मणी सरकवून, जवारीत दोरा घालून आवाज कसा उघडतो हे त्याच्या हाताला कळू नये, हे आम्हाला खातंय. आणि मिरज इथनं किती लांब, एसटीनं तासाभराचा रस्ता. तिथल्या कारागिरांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ही त्या गावचीच खासियत असा सरकारी शिक्का, मिळालं, अख्ख्या देशात वाद्यं जातात तिथनं, आणि शेजारच्या आमच्या खोलीत एक धड वाद्य नाही.

पैसे मागायची लाज वाटते हे खरं सांगतो. चार महिने नुसतं मागू का नको यातच गेले. मग मास्तरांनी मीटिंगमध्ये बुवांचीच गोष्ट काढली. लहानपणी दत्तजयंतीला फटाका तोंडाजवळ फुटला आणि पोराचे डोळे अधू झाले, शाळा सुटली, उपचाराला मिरजेला नेलं, तिथं राजाश्रय मिळाला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू. सगळं जागेवर होतं बघा, आयुष्यभर दरबारात गाऊन आरामात राहता आलं असतं. पण १८९६ ला बुवा मिरज सोडून निघाले ते परत राजाच्या पदराखाली गेले नाहीत. तिकीट लावून जलसे केले, जे त्या काळात लोकांना चमत्कारिकच वाटलं असणार, गाणं ऐकायला चार पैसे मोजायचे म्हणजे काय. आणि ५ मे १९०१ ला थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. ही शाळा कुठल्या संस्थानिकाच्या तिजोरीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि बुवांच्या गाण्याच्या कमाईवर चालली. शिष्यांना स्वतःकडं ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवलं, त्यातनंच ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी माणसं निघाली. मास्तर म्हणाले, ज्या माणसानं लोकांपुढं हात पसरून गाणं घरोघरी नेलं त्याच्या गावच्यांनी लाजायचं कशाला. विषय संपला.

(पुढं मुंबईत शाळेच्या इमारतीपायी बुवांवर कर्ज झालं आणि ती इमारत लिलावात गेली, हेही मास्तरांनीच सांगितलं. म्हणून आमचं ठरलंय, जेवढे जमतील तेवढ्यातच करायचं, कर्ज काढायचं नाही.)

तुमच्या घरी कुणी गाण्याच्या परीक्षा दिल्यात का? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद? त्या परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ बुवांच्या शिष्यांनी १९३१ ला, ते गेले त्याच वर्षी उभं केलं. गांधीजींच्या प्रार्थनेतनं घराघरात पोचलेल्या रघुपति राघवची चाल बुवांच्या नावावर सांगतात. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये वंदे मातरम् म्हणायला अध्यक्षांनीच हरकत घेतली तर बुवांनी थांबायला नकार देऊन पूर्ण म्हटलं. आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, ज्यांची भजनं अजून सकाळी लागतात, ते तर १९५५ ला अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. लिहीत बसलो तर रात्र होईल.

अजून एक, कारण हे बाहेर फारसं सांगितलं जात नाही. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँसाहेब, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणायचे, त्यांची अखेरची वर्षं कुरुंदवाडात गेली आणि १९२२ ला ते गेले. आमच्याकडं मशिदीत गणपती बसतो हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, त्यामुळं कीर्तनकाराचा पोरगा आणि ग्वाल्हेरचे खाँसाहेब एकाच गावाच्या नावावर आहेत याचं इथं कुणाला नवल नाही.

तर मागणं काय. दोन तंबोरे हवेत, एक बायकी पट्टीचा आणि एक पुरुषी. मिरजेत चौकशी केली, बरा तंबोरा पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. एक पेटी, दोन तबलाजोड्या. जुनं कुणाचं पडून असेल तर नव्यापेक्षा आम्हाला तेच आवडेल, दुरुस्तीचं आम्ही बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाड्याची वरच्या मजल्यावरची खोली आणि तिथं भिंतीला उंचावर लोखंडी रॅक, म्हणजे परत पाणी आलं तरी वाद्यं कोरडी राहतील. वर्षभराचं भाडं जमलं की लगेच हलणार.

पैसे नसतील तर वेळ द्या. सांगली, मिरज, कोल्हापूरकडचे गाणारे, महिन्यातला एक रविवार आमच्या पोरांना द्या, गाडीखर्च आणि जेवण आमच्याकडं, मानधन मात्र नाही जमणार, आत्ताच सांगतो. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या कुरुंदवाडकरांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंका उघडून बघाव्यात. बुवांच्या पद्धतीनं लिहिलेल्या नोटेशनच्या (स्वरलिपीच्या) वह्या, जुनी पुस्तकं, फोटो, काही असेल तर रद्दीत घालू नका. मूळ वस्तू नको, मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढून पाठवला तरी चालेल.

फ्लेक्स कुणी स्पॉन्सर करू नका, कृपया. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमाला एवढा मोठा फ्लेक्स लागला की त्यात बुवांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि बाकी सगळे शुभेच्छुक. शाल-श्रीफळाचे पैसे पण आम्ही या वर्षीपासून बंद केलेत, त्यात तबल्याच्या पुड्या येतात.

खात्याचा नंबर इथं उघड टाकत नाही, आजकाल क्यूआर कोड बदलून लुबाडणारे फार झालेत. मेसेज केला की तपशील पाठवू, आणि शंभर रुपये दिले तरी छापील पावती मिळणार. महिन्याच्या महिन्याला जमाखर्चाचा कागद क्लासच्या दारावर लावतो, फोटो सगळ्या देणगीदारांना पाठवतो. ज्यानं विचारायचं त्यानं हक्कानं विचारावं.

आणि १८ ऑगस्टला या. सकाळी पोरं गातील, त्यातली निम्मी बेसूर होतील, दुपारी जेवण आहे, संध्याकाळी मोठ्यांचं गाणं. फक्त निघायच्या आधी पाण्याची पातळी विचारून घ्या, पुलावर पाणी असलं तर कार्यक्रम पाणी उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी.