स्वातीला दुकानात घेऊन जा

फलटण,
१८ जानेवारी २०२६

चि. अभय यास आईचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं असेल. गुळाच्या पोळ्या आधी संपवा, लाडू टिकतात. सईच्या सहा पोळ्या वेगळ्या बांधल्यात, त्या तिच्याच हातात दे.

तू पाठवलेल्या तिन्ही लॅपटॉपची माहिती नीट वाचली. फोनवर बोलणार होते, पण फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं. आणि सव्वीस जानेवारीचे सेल लागलेत, तेव्हा एखाद्या रात्री तू बटण दाबून मोकळा होशील याची मला काळजी आहे. म्हणून लिहायलाच बसले.

तिन्ही निवडताना तू स्वतः काय वापरतोस ते धरून चाललायस, अभय. तुला ऑफिसचा लॅपटॉप आहे. घरच्या लॅपटॉपवर बसणार स्वाती. दिवाळीत आले होते तेव्हाचं सांगते. रात्री साडेदहाला ओटा आवरून ती जेवणाच्या टेबलाशी बसली. एका बाजूला हजेरीपट, एका बाजूला गुणांची वही, आणि हातात फोन. वर्गातल्या बेचाळीस मुलांची माहिती ती शाळेच्या पोर्टलवर अंगठ्याने भरत होती. तक्ता फोनच्या पडद्यात मावत नव्हता. बोटांनी मोठा करायचा, बाजूला सरकवायचा, एक आकडा भरायचा, परत सरकवायचा. मी विचारलं, लॅपटॉप का घेत नाहीस? म्हणाली, "तो सुरू होईपर्यंत झोप लागते, आई." त्या रात्री ती पावणेबाराला उठली. तुला हे माहीत नसेल, तू आतल्या खोलीत कॉलवर होतास. तुला दोष देत नाही. पण लॅपटॉप निवडताना ती रात्र डोळ्यांपुढे ठेव.

आता तुझे तीन.

अडुसष्ट हजारांचा आधी काढून टाक. वेगळं ग्राफिक्स कार्ड (भारी खेळांची चित्रं चालवणारा भाग) म्हणजे जास्त उष्णता, सतत घोंगावणारा पंखा, विटेएवढा चार्जर आणि लवकर उतरणारी बॅटरी. सईला खेळ हवेत हे समजतं. सहावीतल्या मुलीला साधे खेळ, चित्रं काढणं, मुलांसाठीच्या स्क्रॅचमध्ये प्रोग्राम करणं यासाठी प्रोसेसरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, आतले ग्राफिक्स पुरतात. तीस हजार त्यासाठी जास्त घालायचं कारण मला दिसत नाही, तेही हप्त्यांवर.

चोवीस हजारांचा मात्र बारकाईने बघ, कारण स्वस्त म्हणून मोह त्याचाच होतो. चार जीबी रॅम (चालू कामाची जागा) आणि ६४ जीबीची ईएमएमसी (फाइली साठवायची जागा). विंडोज ११ चालायला कमीत कमी इतकंच लागतं, म्हणून तसं विकता येतं. पण कमीत कमी म्हणजे मशीन सुरू होईल एवढंच. ६४ जीबीतला मोठा भाग विंडोजच खातं, पुढे त्याचे अपडेट येतात, आणि वर्षभरात "जागा नाही" असा निरोप यायला लागतो. ही ईएमएमसी मोबाइलसारखी मदरबोर्डला डाग देऊन बसवलेली असते. काढून मोठी घालता येत नाही. रॅमचंही बहुतेक तेच. म्हणजे जे घेतलं ते शेवटपर्यंत तेवढंच. स्वातीची पोर्टलची पानं, एक एक्सेलचा तक्ता, व्हॉट्सअॅप वेब आणि शेजारी सईचा व्हिडिओ, एवढं उघडलं की ते मशीन बसतं. असा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

तिसरा तुला सगळ्यात आवडलेला दिसतोय, एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा. नाव नवं वाटतं, सुरुवातीला ७ आहे म्हणून. पण या मालिकेत तिसरा आकडा बघायचा असतो. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २ नावाची, म्हणजे २०१९ मध्ये बाजारात आलेली. तिथे ३ असेल तर झेन ३. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. तू पाठवलेला आठ जीबीचा आहे. आज चालेल, सई दहावीत जाईल तेव्हा अडेल. त्या किमतीत मी तो घेणार नाही.

मी काय शोधलं असतं ते सांगते. इंटेलचा आय३-१२१५यू किंवा १३१५यू. आय३ म्हटल्यावर नाक मुरडू नकोस, त्यात सहा कोअर (काम करणारे भाग) आहेत आणि घरच्या कामाला ते भरपूर होतात. नाहीतर रायझन ७५३०यू. स्टोरेज ५१२ जीबी एसएसडी (आत काही न फिरणारी वेगवान साठवण), तीही एनव्हीएमई, म्हणजे तिचा जास्त वेगवान प्रकार. (विंडोजमध्ये ते ४७६ दिसेल, घाबरू नकोस. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) रॅम आठ जीबी असेल तर रॅमचा एक स्लॉट (ती बसवायची खाच) रिकामा आहे का हे दुकानदाराला विचार, आणि तो "हो" म्हणाला तरी कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरासमोर बघ. एकाच नावाखाली दोन-तीन प्रकार विकतात, एकात स्लॉट असतो, दुसऱ्यात नसतो. पूर्वी मी बिनधास्त सांगायचे, आठची घ्या आणि नंतर वाढवा. पण गेल्या काही महिन्यांत रॅमचे भाव फार चढलेत. चाळीस-बेचाळीस हजारांत सोळा जीबीवाला मिळत असेल तर सरळ तोच घे.

एसएसडीवर मी इतकी अडून बसते याचं कारण माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये आहे. २०१९ मध्ये टाइपरायटरची परीक्षा बंद झाली आणि रेमिंग्टनची मशिनं आपण कोपऱ्यात लावली, तेव्हा मी घाईने चार लॅपटॉप घेतले होते. दुकानदार म्हणाला, टायपिंगला काय लागतं मॅडम, हे खूप झालं. आत फिरती हार्डडिस्क होती. सकाळी सातची बॅच यायची आणि पोरं पडद्याकडे बघत बसायची. मी घड्याळ लावून मोजलं होतं, चार मिनिटं दहा सेकंद. शेवटी एका रविवारी मी एक मशीन स्वतः उघडलं. पोळपाटावर पांढरा कागद अंथरला, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच जागी ठेवत गेले, कारण मागचे लांब असतात आणि पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचा हात टेकायचा भाग फुगतो. जुनं एटीएम कार्ड कडेने सरकवलं की झाकणाच्या खाचा एकेक कट्कट् सुटतात. पहिली सुटेपर्यंत जीव मुठीत. हार्डडिस्क काढली, २४० जीबीची एसएसडी बसवली, विंडोज नव्याने घातलं. बावीस सेकंद! बाकी मशीन तेच, रॅम तीच. त्या दिवशी तुझ्या बाबांनी दाराशी उभं राहून ते तीनदा बंद-चालू करून बघितलं.

आता दुकान. ऑनलाइन दोनेक हजार कमी पडत असतील तरी आधी दुकानात जाऊन त्या मशीनला हात लाव. तुझा नाही, स्वातीचा. तिला खुर्चीवर बसव आणि दहा ओळी टाइप करू दे. अठ्ठावीस वर्षं मी पोरांची बोटं बघितली आहेत. कीबोर्ड वाईट असला तर माणूस चुका स्वतःच्या समजतो. मधोमध, जी आणि एचच्या जागी, बोटाने दाबून बघा. तिथे पाटी खाली वाकत असेल तर रोज तासभर टाइप केल्यावर मनगट दुखणार. आणि उजवीकडे आकड्यांचं वेगळं पॅड हवंच. ते १५.६ इंचांच्या बहुतेक मॉडेलांत असतं, चौदा इंचीत सहसा नसतं. तू चौदाचा बघत होतास, हलका म्हणून. घरातल्या टेबलावरून हलणार नाही त्या लॅपटॉपचं वजन काय करायचं? बेचाळीस मुलांचे सहा विषयांचे गुण भरताना उजव्या हाताखाली पॅड असलं की नजर वहीवर राहते आणि बोटं आपोआप चालतात.

मराठीसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कीबोर्डही त्यातच आहे. विंडोजची खूण असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. स्वातीला मी इनस्क्रिप्ट शिकवीन, तिला म्हणावं आठ दिवस रोज वीस मिनिटं दे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, डोक्यात बसायला सोपं आहे. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच, म्हणजे विंडोजच्या याच कीबोर्डांनी, कर म्हणावं. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

पडदा मागे कलवून बघा. कलवल्यावर रंग उलटे-काळे दिसायला लागले तर तो टीएन प्रकारचा पडदा आहे, घेऊ नका. आयपीएस प्रकारचा मागा. सई अभ्यासाला शेजारी बसते, तिला बाजूनेही नीट दिसलं पाहिजे. आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. घरात तसंच उघडलं जातं. आत्ताच्या तुमच्या लॅपटॉपची बिजागरी त्यामुळेच गेली. बिजागरी धातूची असते, पण तिचे स्क्रू ज्यात बसतात ते प्लास्टिक तुटतं. उघडताना करकर आवाज आला किंवा पडदा डुगडुगत राहिला तर दुसरं मॉडेल बघा.

बिल घेताना त्यावरचा सिरियल नंबर आणि मशीनच्या पोटावरचा नंबर जुळवा. मग तिथेच उभ्या उभ्या कंपनीच्या साइटवर तो नंबर टाका म्हणजे वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू आहे ते दिसेल. माणूस घरी येऊन दुरुस्त करणार की आपण सेंटरला न्यायचं, हेही विचार. नोकरीवाल्या बाईला चार दिवस सेंटरच्या फेऱ्या कुठे जमणार?

आणि हे सगळं बजेटमध्ये बसलंच नाही, पंचवीस हजारांच्या वर जाणं शक्य नाही असं झालं, तर नवीन चोवीसवाल्याकडे वळू नकोस. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून परत केलेले लॅपटॉप नीट करून विकतात, ते बघ. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५, अशी मशिनं. २०१८ ची आहेत, पण कीबोर्ड उत्तम, रॅमचे दोन स्लॉट, आणि आत इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी असेल तर विंडोज ११ रीतसर चालतं. आठवीच्या खालची घेऊ नकोस, कितीही स्वस्त असली तरी. बॅटरी मूळ किती होती आणि आज किती धरते याचा अहवाल विंडोज स्वतः काढून देतं, तो दुकानदाराकडून समोर काढून घ्यायचा. टचपॅड वर आल्यासारखं वाटलं तर खाली बॅटरी फुगलेली असते, ते मशीन तिथेच ठेवून यायचं. माझ्या क्लासमध्ये आज अशी सहा चालू आहेत.

राहता राहिला तुमचा जुना. २०२० च्या जूनमध्ये सईच्या ऑनलाइन शाळेसाठी आपण घाईत घेतला होता. नवा म्हणून दिला, आणि आत निघाली सातवी पिढी. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही. तेव्हा बँकेची कामं त्यावर आता करू नका. पण एक्स्चेंजमध्ये हजार-दीड हजाराला देऊनही टाकू नकोस. येताना घेऊन ये. दोन वर्षं मागतेय मी तो. हार्डडिस्क मी काढून घेते. सईचे पहिलीतले वर्ग तू रेकॉर्ड केले होतेस, ते तिच्यात आहेत, आणि बाबांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागदही. आधी ते सगळं दुसरीकडे उतरवते. मग एसएसडी घालते, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) चढवते, बिजागरीला पट्टी लावते. संध्याकाळच्या बॅचला एक मशीन कमी पडतंय, तिथे चालेल.

स्वातीला हे पत्र वाचायला दे. तिने दुकानात बसून टाइप केलेल्या दहा ओळींचा फोटो मला पाठवा, आणि बोटं कुठे अडली ते तिलाच लिहायला सांग.

तुझी
आई

ता. क. - चार्जर तीन पिनांचा असेल तर त्याला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावू नका. अर्थिंग तुटतं आणि धातूच्या पाठीला हात लावला की मुंग्या येतात. टेबलाजवळच्या प्लगला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून एकदा बघून घे.